पॉलिॲनिलिनच्या पेलेटमधून वीज नेमकी कशी जाते, आणि तापवल्यावर रोध का घटतो

साताऱ्याच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: प्रकल्पासाठी पॉलिॲनिलिन, म्हणजे वीज वाहून नेणारा एक पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचे द्रव्य), केले. हिरवी पूड मिळाली. तिचे १३ मिलिमीटर व्यासाचे, साधारण १ मिलिमीटर जाडीचे पेलेट, म्हणजे चकती, दाबले आणि फोर प्रोबच्या किटवर (ओळीतली चार टोके टेकवून मोजणाऱ्या उपकरणावर) वाहकता मोजली, ती ०.३ सीमेन्स प्रति सेंटिमीटर आली. पुस्तकात मात्र ‘धातूसारखी वाहकता’ असे लिहिले आहे. पेलेट तापवले तर रोध घटला, म्हणजे धातूच्या अगदी उलट. आणखी तापवल्यावर तो वाढू लागला आणि थंड झाल्यावर मूळ आकड्यावर परत आलाच नाही. ॲसिड १ मोलरचे ३ मोलर करून पाहिले, फरक शून्य. शिवाय त्याच पेलेटचा आकडा पावसाळ्यात वेगळा आणि मार्चमध्ये वेगळा. ‘मग साखळीतून इलेक्ट्रॉन वाहतात म्हणजे नक्की काय होते, आणि माझा नमुना बिघडला आहे का?’

मी सांगलीत बरीच वर्षे पॉलिॲनिलिन आणि पॉलिपायरोलच्या फिल्म करतो आहे, मुख्यतः अमोनिया ओळखणाऱ्या सेन्सरसाठी. त्यामुळे हे सगळे आकडे ओळखीचे आहेत. नमुना बिघडलेला नसावा, असा माझा अंदाज आहे. तो का, ते शेवटाकडे हिशोबासकट सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. भार साखळीवर तयार कसा होतो आणि साखळीवरून सरकतो कसा, हा एक. एका साखळीवरून दुसरीवर, एका दाण्यातून दुसऱ्या दाण्यात तो जातो कसा, हा दुसरा. पाठ्यपुस्तके पहिल्यावर पानेच्या पाने लिहितात आणि दुसरा एका परिच्छेदात उरकतात. तुमचा मीटर मात्र जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो. गोंधळ होतो तो इथेच.

आधी पहिला प्रश्न घेऊ. सगळ्यांत साधी साखळी पॉलिॲसिटिलीनची: कार्बनला कार्बन, एकाआड एक दुहेरी बंध, आणि प्रत्येक कार्बनमागे एक पाय-इलेक्ट्रॉन (दुहेरी बंधातला सैल इलेक्ट्रॉन). सगळे बंध सारख्या लांबीचे असते तर ही साखळी म्हणजे एका मितीतला धातूच झाला असता. पण ती तशी टिकत नाही. एका मितीतली अशी अर्धी भरलेली रांग अस्थिर असते, हे भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांनी दाखवून दिले. बंध आळीपाळीने आखूड आणि लांब होतात (पॉलिॲसिटिलीनमध्ये साधारण १.३६ आणि १.४४ अँगस्ट्रॉम), त्यात इलेक्ट्रॉनांची एकूण ऊर्जा घटते आणि भरलेल्या व रिकाम्या पातळ्यांमध्ये सुमारे दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट पडते. खोलीच्या तापमानाला उष्णतेतून मिळणारी ऊर्जा जेमतेम ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्या बळावर दीडची फट ओलांडणारे इलेक्ट्रॉन नगण्यच. म्हणून ‘एकाआड एक दुहेरी बंध असले की वीज वाहते’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. डोपिंग (बाहेरून थोडे रसायन देऊन साखळीवर भार तयार करणे) न केलेले शुद्ध पॉलिॲसिटिलीन फार सुमार वाहक असते.

१९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी त्याच फिल्मला आयोडीनची वाफ दिली आणि वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठीच. आयोडीन साखळीवरचे काही इलेक्ट्रॉन काढून घेते. सिलिकॉनमध्येही डोपिंग करतात, तेव्हा दोन्ही सारखेच असे वाटणे साहजिक आहे, पण फरक मोठा आहे. सिलिकॉनमध्ये दहा लाख अणूंमागे एखादा परका अणू पुरतो, कित्येकदा त्याहूनही कमी. पॉलिमरमध्ये टक्क्यांच्या भाषेत बोलावे लागते. आणि सिलिकॉनची चौकट घट्ट असते, इलेक्ट्रॉन गेला तरी ती फारशी हलत नाही. पॉलिमरची साखळी मऊ. इलेक्ट्रॉन गेला की आजूबाजूचे बंध आपली लांबी बदलतात, आणि भार त्या बदललेल्या तुकड्यासकट एकच वस्तू होऊन राहतो.

याच वस्तूला पोलॅरॉन म्हणतात. पॉलिॲसिटिलीनमध्ये आखूड-लांब आणि लांब-आखूड या दोन्ही मांडण्यांची ऊर्जा सारखी असल्यामुळे तिथे दोन मांडण्यांच्या सांध्यावर सॉलिटॉन बनतो. सू, श्रीफर आणि हीगर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार तो एका कार्बनवर नसून साधारण चौदा कार्बनांवर पसरलेला असतो. पॉलिपायरोल, पॉलिथायोफिन आणि तुमचे पॉलिॲनिलिन यांत दोन मांडण्यांची ऊर्जा सारखी नसते, बेंझिनसारखी वलये क्विनोनसारख्या वलयांपेक्षा स्वस्त पडतात, त्यामुळे तिथे पोलॅरॉन आणि कधीकधी जोडीने बायपोलॅरॉन (एकाच तुकड्यात दोन भार). साखळीवरून भार सरकतो म्हणजे पुढचे बंध लांबी बदलतात, मागचे पूर्ववत होतात आणि तो विकृत तुकडा अख्खा पुढे जातो. सलग, सरळ साखळीवर हे फार सहज होते. भाराला तिथे अडवणारे थोडेच असते.

पॉलिॲनिलिनची एक खासियत इथेच सांगतो, कारण तुमच्या ३ मोलर ॲसिडचे उत्तर तीत आहे. एमेराल्डीन अवस्थेत, म्हणजे साखळी अर्धवट ऑक्सिडाइज झालेली असताना, अर्धे नायट्रोजन अमाइन (हायड्रोजन असलेले) असतात आणि अर्धे इमाइन (दुहेरी बंधाचे, हायड्रोजन नसलेले). ॲसिडमधला प्रोटॉन इमाइन नायट्रोजनवर जाऊन बसतो. साखळीतून एकही इलेक्ट्रॉन काढला जात नाही, तरी बंधांची फेरमांडणी होऊन धन भार असलेले पोलॅरॉन तयार होतात. शेजारी हायड्रोक्लोरिक ॲसिडमधला क्लोराइड बसतो आणि निळी पूड हिरवी होते. प्रत्येक पोलॅरॉनवर एक एकटा इलेक्ट्रॉन असल्यामुळे तो ईएसआरमध्ये (एकटे इलेक्ट्रॉन ओळखणाऱ्या चुंबकीय मापनात) दिसतो. तुमच्या विद्यापीठात सोय असेल तर जरूर करून घ्या, प्रबंधात वजन येते. आता मुद्दा असा, की १ मोलर ॲसिडमध्येच सगळे इमाइन नायट्रोजन भरून गेलेले असतात. ३ मोलरमधल्या जादा प्रोटॉनांना बसायला जागाच नाही. दर दोन वलयांमागे एक भार आधीच आहे. भारवाहकांचा तुटवडा तुमच्या पेलेटमध्ये मुळीच नाही.

मग तांब्याची वाहकता सुमारे सहा लाख सीमेन्स प्रति सेंटिमीटर आणि तुमची एकाच्याही खाली, असे का? इथून दुसरा प्रश्न सुरू होतो, आणि माझ्या मते या विषयाचा सगळा अर्क त्यातच आहे.

साखळी अनंत नसते. ती वळते, पिळते, मध्येच एखादे वलय चुकीच्या जागी जोडलेले असते. काही भागात साखळ्या शेजारीशेजारी नीट रचून बसतात, पण असे सुव्यवस्थित पट्टे काही नॅनोमीटरचेच असतात आणि त्यांच्या भोवती गुंता. पुढे या सगळ्याचे दाणे होतात, दाण्यांची पूड होते, आणि ती आपण प्रेसमध्ये दाबतो. म्हणजे पेलेटच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना भाराला असंख्य वेळा साखळी सोडून उडी मारावी लागते. साताऱ्याहून जतला एसटीने गेलात तर हमरस्त्यावर गाडी पळते, पण दिवस जातो तो स्टँडवर पुढच्या गाडीची वाट पाहण्यात. हमरस्ता आणखी रुंद केला तरी तुम्ही लवकर पोहोचत नाही. भाराचेही तसेच आहे. साखळीवरचा प्रवास झटपट होतो, वेळ खाते ती उडी.

ही उडी (इंग्रजीत हॉपिंग) क्वांटम टनेलिंगची, म्हणजे ऊर्जेची भिंत न चढता तिच्या आरपार जाण्याची, आणि तिला उष्णतेची मदत लागते. ज्या जागेवर भार आहे तिची ऊर्जा आणि शेजारच्या रिकाम्या जागेची ऊर्जा क्वचितच जुळते. जो फरक पडतो तो अणूंच्या कंपनातून भरून निघतो. तापमान वाढले की कंपने वाढतात, उड्या वाढतात आणि रोध घटतो. धातूत हीच कंपने मोकळ्या वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना विखुरतात, म्हणून तिथे रोध वाढतो. कंपने दोन्हीकडे सारखीच आहेत, त्यांचे काम बदलते. तुमच्या आलेखाचा पहिला, उतरता भाग म्हणजे नेमके हेच.

भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी यात एक सुंदर गोष्ट दाखवली. तापमान कमी असताना भार जवळच्याच जागेवर उडी मारतो असे नाही. लांबची पण ऊर्जेने जुळणारी जागा त्याला परवडू शकते. अंतर आणि ऊर्जा यांची ही तडजोड तापमानागणिक बदलत जाते, आणि त्रिमितीय नमुन्यात वाहकतेचा लॉगरिदम तापमानाच्या उणे एक-चतुर्थांश घाताशी सरळ रेषेत येतो. वाहक बेटे आणि मध्ये अवरोधक भिंती अशी दाणेदार रचना असेल, तर बहुधा उणे एक-द्वितीयांश घात जुळतो. दाबलेल्या पॉलिॲनिलिनच्या पुडीत हा दुसरा प्रकार अनेकदा दिसतो.

अडचण उडीत आहे हे केवळ कल्पनेने सांगत नाही. कॅम्फरसल्फोनिक ॲसिडने डोप केलेले पॉलिॲनिलिन क्लोरोफॉर्ममधून ओतून फिल्म केली तर वाहकता ०.१ च्या आसपास राहते. तेच मेटा-क्रेसॉलमधून ओतले की शेकड्यांत जाते. ॲसिड तेच, भारांची संख्या तीच. फक्त मेटा-क्रेसॉलमध्ये साखळ्या गुंडाळून न राहता उलगडतात आणि नीट रचून बसतात. बाजारात मिळणाऱ्या पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचेही तसेच: त्यात थोडे डायमिथाइल सल्फॉक्साइड किंवा एथिलीन ग्लायकॉल घातले की एकाहून कमी असलेली वाहकता शेकडो पट वाढते, एकही नवा भार न घालता. आणि २००६ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी हीगर यांच्यासह असे पॉलिॲनिलिन करून दाखवले, की ज्याची वाहकता हजाराच्या वर होती आणि थंड करत नेल्यावर रोध घटतच गेला, अगदी खऱ्या धातूसारखा. तुमच्या पुस्तकातले ‘धातूसारखी’ हे विशेषण अशा नमुन्यांना शोभते. पूड दाबून केलेल्या पेलेटकडून ती अपेक्षा ठेवू नका.

आता आलेखाचा दुसरा भाग. साधारण ८० ते १०० अंशांच्या पुढे रोध वाढू लागला असेल, तर पेलेटमधले पाणी निघून जात आहे. एमेराल्डीन क्षारात, म्हणजे ॲसिड धरलेल्या हिरव्या पुडीत, नेहमी थोडे पाणी धरून ठेवलेले असते आणि ते वाहकतेला हातभार लावते. कसा, यावर मतमतांतरे आहेत. मला पटते ते असे: पाण्याचे रेणू क्लोराइडभोवती जमून त्याची भारावरची पकड सैल करतात आणि दोन साखळ्यांमधली उडी सोपी होते. प्रोटॉनची स्वतःची थोडी वाहतूकही त्यात मिसळलेली असू शकते. निर्वातात वाळवलेल्या पेलेटची वाहकता काही पटींनी खाली आलेली मी नेहमी पाहतो, आणि हवेत ठेवल्यावर ती पुष्कळशी परत येते. जुलै-ऑगस्टमधली साताऱ्याची ओथंबलेली हवा आणि मार्चमधली कोरडी हवा यांत तुमचा आकडा बदलतो तो यामुळेच. आमच्या सेन्सरचा मूळ रोध पावसाळ्यात इतका सरकतो, की आर्द्रता न नोंदवलेले वाचन मी वहीत घेऊच देत नाही.

पण तापवणे १५० अंशांच्या आसपास गेले असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हायड्रोक्लोरिक ॲसिडच निघून जाऊ लागते आणि साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. ते नुकसान हवेत ठेवून भरून येत नाही. तुमच्या पेलेटचे नेमके काय झाले हे किती तापवले त्यावर अवलंबून आहे, आणि ते प्रश्नात नाही. तपासणे सोपे आहे. पेलेट दमट हवेत एक रात्र ठेवा. आकडा बराचसा परत आला तर पाणीच गेले होते. नाही आला तर ते पेलेट बाजूला ठेवून नवे करा, आणि पुढचे मोजमाप ८० अंशांच्या आतच ठेवा.

इथवरचे एका दमात सांगायचे तर: भार डोपिंगने तयार होतात आणि ते तुमच्याकडे भरपूर आहेत. साखळीवर ते सहज सरकतात. पेलेटचा रोध ठरतो साखळ्यांमधल्या आणि दाण्यांमधल्या उड्यांवर. त्या उड्यांना उष्णता आणि ओलावा मदत करतात.

आता तो ०.३ चा आकडा. महाविद्यालयांत जे फोर प्रोबचे किट असते ते जर्मेनियमच्या स्फटिकासाठी बनवलेले असते आणि त्यात प्रोबमधले अंतर बहुधा २ मिलिमीटर असते. त्याचे रोधकतेचे मूळ सूत्र, दोन पाय गुणिले अंतर गुणिले व्होल्टेज भागिले करंट, हे नमुना अंतराच्या मानाने खूप जाड असेल तरच लागू पडते. तुमचे पेलेट १ मिलिमीटरचे, म्हणजे अंतराच्या निम्मे. त्याला पातळ नमुन्याची दुरुस्ती लागते. किटच्या पुस्तिकेत ती जी-सेव्हन या नावाने तक्त्यात दिलेली असते, आणि तुमच्या मापांसाठी तिची किंमत सुमारे २.७७ येते. रोधकतेला या संख्येने भागायचे. शिवाय १३ मिलिमीटरचा व्यास प्रोबच्या मानाने फार मोठा नाही, त्यामुळे काठाची आणखी सुमारे वीस टक्क्यांची दुरुस्ती येते. दुरुस्ती न करता ०.३ आला असेल तर खरा आकडा ०.३ गुणिले २.७७ गुणिले १.२, म्हणजे जवळपास १ सीमेन्स प्रति सेंटिमीटर होतो. दुरुस्ती आधीच केली असेल तर अर्थातच हा हिशोब लागू नाही. वहीतले सूत्र पाहा.

तुलनेला आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००२ च्या तांत्रिक अहवालातला आकडा घ्या. पाच संस्थांतल्या आठ जणांनी एकाच कृतीने ५९ नमुने केले आणि सरासरी वाहकता ४.४ आली, कमी-जास्त १.७. एकाच कृतीने, कसलेल्या हातांनी केले तरी एवढा फरक पडतो. त्यापुढे तुमचे १ थोडे कमी आहे, पण पहिल्या प्रकल्पासाठी निराश होण्यासारखे मुळीच नाही.

ते वाढवायचे असेल तर ॲसिड वाढवू नका. मी तीन गोष्टी पाहीन. पहिली, अमोनियम परसल्फेटचे, म्हणजे ॲनिलिनची साखळी घडवणाऱ्या ऑक्सिडीकारकाचे, प्रमाण. त्या कृतीत ॲनिलिन हायड्रोक्लोराइडच्या एका मोलला परसल्फेटचे १.२५ मोल आहेत, आणि रासायनिक समीकरणातूनही तेवढेच निघते. त्याहून जास्त घातले की साखळी जादा ऑक्सिडाइज होते आणि तुटते. तापमान ०ते ५ अंशांवर ठेवले तर साखळ्या लांब होतात, पण खोलीच्या तापमानालाही चांगला माल मिळतो, बर्फाची सोय नसेल तर अडून बसू नका.

दुसरी गोष्ट धुण्याची, आणि सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो. हिरवी पूड पाण्याने धूत बसले की प्रोटॉन निघून जातात. त्यात बोअरचे क्षारयुक्त, किंचित अल्कधर्मी पाणी वापरले तर आणखीच. गाळणीवरची पूड कडेने निळसर दिसू लागली की समजा डोपिंग चालले. धुणे ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने करा, शेवटी ॲसिटोनने. संशय असेल तर चिमूटभर पूड अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी धरा, ती निळी होईल. मग ॲसिडच्या वाफेवर धरा. आधी होती त्याहून गडद हिरवी झाली, तर धुताना काही भाग डीडोप झाला होता.

तिसरी दाबण्याची. दाब आणि दाबून ठेवण्याचा वेळ प्रत्येक पेलेटला सारखा ठेवा, नाहीतर तुम्ही पॉलिमरची तुलना न करता पोकळ्यांची तुलना कराल. पेलेटखाली काच किंवा अभ्रक ठेवा, कारण धातूचा पाया करंट पळवून नेतो. करंट दोन्ही दिशांनी देऊन पाहा आणि व्होल्टेज त्याच्या सम प्रमाणात येते का ते तपासा.

एक कळकळीची विनंती तापमानाच्या आलेखाबद्दल. ३०० ते ४०० केल्विनमधले बिंदू घेऊन ‘मॉटचे त्रिमितीय हॉपिंग सिद्ध झाले’ असे लिहिलेले प्रबंध मी पुष्कळ पाहतो. एवढ्या टप्प्यात तापमानाचा उणे एक-चतुर्थांश घात ०.२४० वरून ०.२२४ वर जातो, फक्त सात टक्के. इतक्या अरुंद खिडकीत साधा आऱ्हेनियस (घात उणे एक), एक-चतुर्थांश आणि एक-द्वितीयांश, तिन्ही रेषा सरळच दिसतात, त्यात पाणी निघून जाण्याचा परिणाम वेगळाच. घात ठरवायचा असेल तर नमुना आधी नीट वाळवून द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विनपर्यंत न्या. ती सोय नसेल तर ‘रोध तापमानाबरोबर घटतो आणि हे हॉपिंगशी सुसंगत आहे’ एवढेच लिहा. परीक्षकाला तेच अधिक पटेल.

आर्द्रता स्थिर ठेवायला महागडे उपकरण लागत नाही. झाकणाच्या बरणीत मिठाचे संपृक्त द्रावण तळाशी ठेवले की आतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर राहते, मॅग्नेशियम क्लोराइडचे ठेवले की सुमारे ३३ टक्क्यांवर. एकच पेलेट दोन्ही बरण्यांत प्रत्येकी एक रात्र जाळीवर ठेवून लगेच मोजा. ते दोन आकडे, पेलेटची जाडी, प्रोबमधले अंतर आणि सर्वांत जास्त किती तापवले होते, एवढे कळवलेत तर पाण्याचा वाटा किती आणि तुमच्या मालाचा स्वतःचा किती, हे वेगळे काढता येईल.